'डाकघर'चा शेवट कसा करावा? (आणि परदेशातल्या जुन्या प्रयोगांबद्दल)

रानजाई

नमस्कार मंडळी. डब्लिनमध्ये आमचं लहानसं मराठी मंडळ आहे. यंदा मुलांना घेऊन रवींद्रनाथांचं 'डाकघर' बसवतोय. इंग्रजी पुस्तकात त्याचे दोन अंक आहेत, पण सगळा मिळून तासाभराचा ऐवज. म्हणून मध्यंतर न घेता एकांकिकेसारखंच करायचं ठरवलं. भाषांतर मी केलंय. बंगाली वाचता येतं, पण अडखळत. त्यामुळे इंग्रजी शेजारी ठेवून.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमल हे आजारी पोर. वैद्यबुवांनी घराबाहेर पाऊल टाकायला बंदी केलीय. तो दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांशी बोलतो: दहीवाला, तास देणारा पहारेकरी, फुलं वेचायला निघालेली सुधा. समोर राजाचं नवं डाकघर उघडलंय, आणि राजा आपल्याला पत्र पाठवील अशी त्याची खात्री आहे. गावचा मुखिया कोरा कागद दाखवून 'हे घे राजाचं पत्र' अशी थट्टा करतो. शेवटी खरोखरच राजवैद्य येतो, सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतो, दिवा मालवायला सांगतो. अमल झोपतो. सुधा फुलं घेऊन येते.

तिसऱ्या तालमीला एका मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हा मुलगा शेवटी मरतो ना? आठ वर्षांच्या पोराला स्टेजवर मारायचं का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, हा प्रश्न याआधीही कुणाला तरी पडला असेल. म्हणून या नाटकाचे परदेशात कुठे कसे प्रयोग झाले ते शोधायला बसले. सुरुवात आमच्याच गावात झाली होती!

१७ मे १९१३ ला ॲबी थिएटरात हे नाटक इंग्रजीत झालं. देवव्रत मुखर्जी या ऑक्सफर्डला शिकणाऱ्या तरुणाने केलेलं भाषांतर. नोबेल नोव्हेंबरात जाहीर झालं, म्हणजे प्रयोग त्याच्या सहा महिने आधीचा. आयरिश कवी येट्सने पुढाकार घेतला होता आणि तो खेळ आयरिश क्रांतिकारक पॅट्रिक पिअर्सच्या सेंट एंडाज या शाळेच्या मदतीसाठी होता. त्याच संध्याकाळी पिअर्सचं स्वतःचं 'अन री' हे आयरिश भाषेतलं छोटं नाटक त्याच्या विद्यार्थ्यांनी केलं. 'अन री' म्हणजे 'राजा'. त्यातही एक निष्पाप मुलगा आहे. पापी राजा लढाया हरतो, तेव्हा तो मुलगा राजाच्या जागी रणात उतरतो, लढाई जिंकून देतो आणि मरतो.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती संध्याकाळ जात नाही. एकाच रंगमंचावर राजाची वाट बघणारा मुलगा आणि राजासाठी मरणारा मुलगा. तीन वर्षांनी, इंग्रज सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टरच्या उठावानंतर, ३ मे १९१६ ला पिअर्सला इंग्रजांनी गोळ्या घातल्या. त्या प्रेक्षकांपैकी ज्यांनी दोन्ही नाटकं पाहिली असतील त्यांना १९१६ नंतर अमल कसा आठवला असेल?

गेल्या शनिवारी मी मुलांना घेऊन रॅथफार्नहॅमला गेले. शाळेच्या त्या इमारतीत आता पिअर्सचं संग्रहालय आहे. ॲबीची मूळ वास्तू मात्र १९५१ च्या आगीत गेली, सध्याची १९६६ ची. आमच्या अमलने संग्रहालयाच्या एका खिडकीत बसून उगाचच "दहीवालेSS" अशी हाक मारली आणि रखवालदार हसले.

१९१४ मध्ये येट्सच्या बहिणीच्या क्वाला प्रेसने पुस्तक काढलं, त्याला येट्सची प्रस्तावना आहे. तो म्हणतो की रंगमंचावर हे छोटं नाटक फार नेटकं बांधलेलं दिसतं आणि योग्य प्रेक्षकाला त्यातून सौम्यपणा आणि शांती मिळते. सौम्यपणा आणि शांती! मरणाबद्दल बोलताना आपण हे शब्द वापरत नाही सहसा.

तर विचारायचं हे: तुम्ही कुठे हे नाटक पाहिलं किंवा केलं असेल, तर शेवट कसा केला होता?

---

श्यामली_काठ

रानजाई, किती छान विषय काढलास. मी कोलकात्यात वाढले, शाळेत दोनदा या नाटकात होते. एकदा दहीवाला, एकदा सुधा.

आधी मूळ संहितेबद्दल. शेवटच्या पानावर 'मरण' हा शब्द कुठेच नाही. राजवैद्य म्हणतो, याला झोप आलीय. सुधा विचारते, कधी उठेल? तो म्हणतो, राजा येऊन हाक मारील तेव्हा. मग ती म्हणते, तेव्हा याच्या कानात माझी एक गोष्ट सांगाल? 'सुधा तुला विसरली नाही.' पडदा.

पण त्याच्या आधीच्या दोन ओळी नीट वाच. दिवा मालवल्यावर अमलला सांभाळणारा माधव घाबरतो. म्हणतो, माझं घर अंधारं का करताय, ताऱ्यांच्या उजेडाचा मला काय उपयोग? आणि म्हाताऱ्या ठाकुरदाला विचारतो, तुम्ही असे मूर्तीसारखे हात जोडून गप्प का उभे आहात? ठाकुरदा त्याला गप्प करतो, "अविश्वासी" म्हणून. म्हणजे एकाच खोलीत दोन माणसं एकच गोष्ट बघताहेत. एकाला ती मरण दिसते, दुसऱ्याला दर्शन. लेखकाने कुणाचीही बाजू खोडलेली नाही. त्या वडिलांना जे वाटलं ते माधवचं वाटणं आहे, आणि नाटकात त्याला जागा आहे.

आता नात्यांबद्दल, कारण इथे मराठीला इंग्रजीपेक्षा फार सोपं जायला हवं. अमल माधवला 'पिसेमशाय' म्हणतो, म्हणजे आत्याचे यजमान. माधवच्या बायकोचा तो गावनात्याने भाचा. इंग्रजीत त्याचं 'अंकल' झालं आणि सगळं सपाट झालं. तू काय केलंस?

---

रानजाई

'काका' केलंय. :(

---

श्यामली_काठ

अगं, आपल्याकडे 'आतोबा' आहे की! माझ्या आजोळी सर्रास म्हणायचे. पोरका मुलगा आत्याच्या घरी वाढतोय, आत्याचा नवरा त्याच्यात जीव गुंतवून बसलाय, आणि त्याला सारखी भीती की हे पोर आपलं नाही, जाईल. 'काका' म्हटलं की तो रक्ताचा होतो आणि ती भीती निम्मी होते. माधव पैसे साठवणारा माणूस आहे. पूर्वी नुसतं कमवण्याची नशा होती, आता या मुलासाठी कमावतो, असं तो पहिल्याच प्रवेशात म्हणतो. 'आतोबा'मध्ये तो परकेपणा आणि ती माया दोन्ही येतात.

मुखर्जींनी ठाकुरदाचं 'गॅफर' केलं. इंग्रजी खेड्यातला म्हातारबाबा. डब्लिनच्या प्रेक्षकाला ते ओळखीचं वाटलं असेल, पण ठाकुरदा म्हणजे आजोबा, पोरांना बिघडवणारा आजोबा. तोच पुढे फकीर बनून येतो आणि क्रौंचद्वीपाच्या गोष्टी सांगतो.

---

आप्पा_विंगेत

रानजाईताई, माझं आयुष्य पुण्यात विंगेत गेलं. प्रकाशयोजना आणि नेपथ्य. मोठा प्रयोग नव्हे, एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडकाला पोरांना मदत, असं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर प्रकाशातूनच येणार.

पण आधी एक गोष्ट आपल्या मराठी माणसांच्या अभिमानाची. रवींद्रनाथांनी कलकत्त्यातल्या जोडासाँकोच्या आपल्या घरी, विचित्राच्या दालनात १९१७ मध्ये हे नाटक बसवलं. म्हणजे डब्लिननंतर चार वर्षांनी. स्वतः ठाकुरदा झाले. गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे दोघे चित्रकार भाऊही कामाला होते. वर्षाअखेरीस काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्यात भरलं, तेव्हा पुढाऱ्यांसाठी प्रयोग झाला. ॲनी बेझंट, मालवीय, गांधी, आणि आपले लोकमान्य टिळक. मंडालेहून सुटून साडेतीन वर्षं झालेला माणूस, बंद खिडकीतून जग बघणाऱ्या पोराचं नाटक बघत बसलाय. सहा वर्षं त्यांनी स्वतः तसंच काढलेलं. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं.

आता प्रकाश. 'दिवा मालवा, ताऱ्यांचा उजेड येऊ दे' ही संहितेतली सूचना आहे, आणि पोरं इथेच चूक करतात. संपूर्ण ब्लॅकआउट देतात. ब्लॅकआउट म्हणजे प्रेक्षकाला सांगणं की संपलं, मेला. तसं करू नका. घरातला पिवळा उजेड हळूहळू काढा आणि उघडलेल्या खिडकीतून अगदी मंद निळा आत येऊ द्या. तो सुधाच्या ओळीपर्यंत वाढत राहिला पाहिजे. बोलताना कुणाच्या लक्षात येणार नाही इतका सावकाश. खोली अंधारी होते असं माधवला वाटतं, पण प्रेक्षकाला उलट आधीपेक्षा जास्त दिसायला लागतं.

---

मुग्धा_बर्लिन

बर्लिनची गोष्ट मी घालते. १९२१ मध्ये इथल्या फोक्सब्युन या नाट्यगृहात 'दास पोस्टआम्ट' (म्हणजे 'डाकघर') झालं आणि रवींद्रनाथांनी ते स्वतः पाहिलं. आपले मित्र सी. एफ. ॲण्ड्रूज यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचं वर्णन केलंय. अमलचं काम एका मुलीने केलं होतं आणि ती त्यांना फार आवडली. प्रयोग चांगला वठला. तरी काहीतरी वेगळं आहे असं त्यांना वाटत राहिलं, आणि ते वेगळेपण नेमकं काय ते सापडेना. मारबुर्ग विद्यापीठाचे डॉ. ओटो प्रेक्षकांत होते, त्यांनी ते बरोब्बर पकडलं: जर्मन प्रयोगात परीकथेचं हाती न येणारं सौंदर्य होतं, पण नाटकाचा आतला अर्थ आध्यात्मिक आहे.

मी हे वाचलं तेव्हा वाटलं, परीकथा करणं काय वाईट? मुलांना तर तेच हवं असतं. पण पुन्हा नाटक वाचलं आणि पटलं. परीकथेत राजा आला की गोष्ट पुरी होते. इथे राजा येतच नाही. नाटक त्याच्या येण्याच्या आधी संपतं.

त्याच पत्रात ते म्हणतात की अमल म्हणजे मोकळ्या रस्त्याची हाक ऐकलेला माणूस. साठवलेल्या संपत्तीच्या आणि शिक्का मारलेल्या मतांच्या जगाला जे मरण वाटतं, ते त्याला मोकळ्या जगात जाग आणतं. रानजाई, त्या वडिलांना हे वाचून दाखव.

आणखी एक. या जर्मन भाषांतराच्या दोन कर्त्यांची गोष्ट. कवयित्री हेडविग लाखमान आणि तिचा नवरा गुस्टाव लांडाउअर. पुस्तक १९१८ मध्ये निघालं. हेडविग त्याच वर्षी फेब्रुवारीत आजाराने गेली. लांडाउअरला मे १९१९ मध्ये म्युनिकच्या तुरुंगात सैनिकांनी मारून टाकलं. १९२१ मध्ये बर्लिनचे प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, तेव्हा दोघेही नव्हते.

---

निरंजन_वि

हा धागा वॉर्साशिवाय पुरा होणार नाही. मी कामानिमित्त तिथे दोन वर्षं होतो, त्या भागात पायी खूप फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यानुश कोर्चाक. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. बालरोगतज्ज्ञ, लेखक, आणि ज्यू मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख. आश्रम आधी क्रोखमाल्ना रस्त्यावर होता. १९४० मध्ये वॉर्सात नाझींनी ज्यूंना कोंडायला केलेल्या वस्तीच्या, घेट्टोच्या, भिंती उभ्या राहिल्या तेव्हा दोनशेच्या आसपास मुलांना घेऊन त्याला आत जावं लागलं. भूक, टायफस, रस्त्यावर प्रेतं. अशात त्याने मुलांना 'पोच्ता', म्हणजे 'डाकघर', करायला दिलं. दिग्दर्शन एस्तेर्का विनोग्रोन या तरुण मदतनिसाने केलं. अमल झाला अब्राशा, व्हायोलिन वाजवणारा मुलगा.

प्रयोग शनिवारी, १८ जुलै १९४२ ला झाला. निमंत्रणात लिहिलं होतं की जे पाळता येणार नाही असं वचन देण्याची आम्हाला सवय नाही. पण तत्त्वज्ञ आणि कवी असलेल्या माणसाच्या सुंदर गोष्टीचा हा एक तास तुम्हाला उच्च प्रतीचा अनुभव देईल. प्रवेश मोफत. त्यात घेट्टोतला कवी व्वादिस्वाव श्लेंगेल याच्याही ओळी होत्या.

हेच नाटक का निवडलं असं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मुलांनी मृत्यूच्या देवदूताला शांतपणे स्वीकारायला शिकलं पाहिजे, असं सांगितलं जातं. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्याच्या डायरीतली नोंद. प्रयोगानंतर तो लिहितो: कालच्या नटांनी आजही त्याच भूमिका चालू ठेवल्या तर? येझिकला वाटतं आपण फकीर आहोत. हायमेकला वाटतं आपण खरेच डॉक्टर. आदेकला वाटतं आपण राजाचे मोठे अधिकारी. मग पुढे म्हणतो की बुधवारी मुलांशी बोलायला 'भ्रम, माणसाच्या आयुष्यातलं त्याचं काम' हा विषय घ्यावा.

त्या बुधवारी २२ जुलै होती. त्याच दिवशी घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत माणसं न्यायला सुरुवात झाली. २३ तारखेला ज्यू परिषदेचा प्रमुख चेर्न्याकुफ याने आत्महत्या केली, माणसं पाठवण्याच्या हुकमावर सह्या करायला नकार देऊन. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्याची जुनी सहकारी स्तेफान्या विल्चिन्स्का आणि सगळी मुलं रांगेने गाडीकडे चालत गेली. कोणीही परत आलं नाही.

मी त्या रस्त्याने चाललो तेव्हा उन्हाळाच होता. सगळीकडे खिडक्या उघड्या होत्या.

---

ओवी

निरंजनदादा, वाचून रडायला आलं. पण मला एक मनापासून बोलायचंय, राग मानू नका. हल्ली 'डाकघर'चा कुठलाही प्रयोग असला की कोर्चाकची गोष्ट आधी सांगतात आणि मग नाटक. प्रेक्षक पहिल्या वाक्यापासून रुमाल काढून बसतो. मग दहीवाल्याच्या प्रवेशात कोणी हसत नाही. तो प्रवेश किती मजेचा आहे! अमल त्याला म्हणतो मला दही विकायला शिकवा, तुमच्यासारखी हाक मारायला शिकवा. आणि जाताना दहीवाला म्हणतो की दही विकण्यात किती सुख आहे ते मी तुझ्याकडून शिकलो.

त्या वॉर्सातल्या मुलांनी सुद्धा तो प्रवेश करताना मजा केली असेल ना? पांचमुरा डोंगराच्या पायथ्याशी, शामली नदीकाठचं गाव. तांबडा रस्ता. त्यांना तो तासभर मिळाला. आपण त्यांचं मरण आपल्या नाटकात ओढून आणलं तर त्यांचा तो तास आपण काढून घेतो असं मला वाटतं.

---

निरंजन_वि

ओवी, राग कसला? तू म्हणतेस ते मला पटतं. तरी दुसरी बाजूही सांगतो. लंडनमध्ये जिल पार्विन या दिग्दर्शिकेने नाटकातलं नाटक असं केलं होतं: घेट्टोतली मुलं 'डाकघर' करताहेत. विल्यम रॅडिचेने त्यासाठी मुद्दाम बंगालीतून नवं भाषांतर केलं आणि ते १९९६ मध्ये छापलंही गेलं. म्हणजे त्या इतिहासामुळे नाटकाला नवी इंग्रजी मिळाली, मुखर्जींनंतर इतक्या वर्षांनी. मोठ्या माणसांनी मोठ्यांसाठी तसा प्रयोग करणं मला योग्य वाटतं. मुलांच्या प्रयोगात मात्र तुझं बरोबर.

---

डॉ_सुनीता

मी बालरोगतज्ज्ञ आहे. नाटकातलं मला फार कळत नाही, पण त्या वडिलांच्या प्रश्नाबद्दल लिहावंसं वाटलं. दीर्घ आजारी मुलं मरणाबद्दल आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप मोकळेपणाने विचारतात. ती घाबरतात ती एकटं पडण्याला, आणि आईबाबा खोटं बोलताहेत हे कळण्याला. अमलच्या भोवती शेवटी किती माणसं आहेत बघा. आणि सुधाचं वाक्य काय आहे? विसरली नाही. आजारी मुलांना हेच ऐकायचं असतं, शाळेतली मैत्रीण आपल्याला विसरली का.

वैद्यबुवा आणि राजवैद्य यांतला फरकही मला टोचतो. एक वारा बंद करायला सांगतो, दुसरा येताच विचारतो, हे सगळं बंद का? उघडा. मी कितीदा पहिल्यासारखी वागले असेन.

---

श्यामली_काठ

डॉक्टरताई, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ.

एक राहिलं होतं. येट्सच्या प्रस्तावनेत आहे की या नाटकातल्या मुक्तीची कल्पना कवीला एका पहाटे सुचली. जत्रेहून परतणाऱ्या गर्दीत कोणीतरी जुनं गावगाणं म्हणत होतं: नावाड्या, मला पलीकडच्या तीरी ने. आणि १९३९ च्या डिसेंबरात शांतिनिकेतनात पुन्हा 'डाकघर' करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी त्यासाठी नवं गाणं लिहिलं: 'समुखे शांतिपारावार, भासाओ तरणी हे कर्णधार'. समोर शांतीचा सागर आहे, हे नावाड्या, नाव सोड. तो प्रयोग झाला नाही. हे गाणं माझ्या मृत्यूनंतर म्हणावं असं त्यांनी सांगून ठेवलं, आणि ७ ऑगस्ट १९४१ ला ते म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी जुलैत वॉर्साचा प्रयोग.

रानजाई, शेवटी संगीत हवं असेल तर याची नुसती धून, शब्दांशिवाय, एका बासरीवर घे.

---

रानजाई

मंडळी, काल प्रयोग झाला. उशिरा लिहितेय, माफ करा.

'काका'चा 'आतोबा' केला. मुलांना शब्दच नवा होता. दोघीतिघींनी घरी जाऊन आपल्या आत्याच्या नवऱ्याला फोनवर आतोबा म्हणायला सुरुवात केलीय. ठाकुरदाचे 'आजोबा'. कोर्चाकबद्दल माहितीपत्रकात शेवटच्या पानावर चार ओळी, स्टेजवरून काही नाही (ओवी, तुझ्यामुळे). डब्लिनच्या १९१३ च्या प्रयोगाबद्दल मात्र मी आधी दोन मिनिटं बोलले, कारण तो याच गावचा.

त्या वडिलांना मी मुग्धाने सांगितलेलं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मला माधवचं काम द्याल का?" आमचा माधव नोकरीमुळे सोडून गेलाच होता. त्यांनी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. 'माझं घर अंधारं का करताय' हे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल. मी तालमीत मोठ्याने म्हणा म्हणत होते, काल गप्प बसले.

आप्पा, खिडकीतला निळा उजेड तुम्ही सांगितला तसाच. आमच्या सभागृहात डिमर एकच आहे, तो आमच्या कोषाध्यक्षांनी हाताने अडीच मिनिटं फिरवत नेला. अमल झोपला. सुधा आली, विचारलं, कधी उठेल? आणि तिच्या शेवटच्या वाक्याला एक झालं. ती सात वर्षांची आहे. 'कानात सांगाल का' असं म्हणून तिने राजवैद्याच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच खाली वाकून अमलच्या कानात ते वाक्य सांगितलं. मोठ्याने बोललीच नाही. संहितेत तसं नाही. सभागृहात ज्यांना नाटक माहीत होतं त्यांनाच ती काय म्हणाली ते कळलं, बाकीचे नुसते बघत राहिले. अमलने डोळे उघडले नाहीत, पण मला विंगेतून दिसत होतं, त्याला हसू आवरत नव्हतं.

---

आप्पा_विंगेत

पुढच्या प्रयोगाला तेच ठेवा.

---

मुग्धा_बर्लिन

संहिता पाठवशील का? इथल्या मंडळात पुढच्या वर्षी करायची आहे.

---

रानजाई

हो, निरोपातून पाठवते. दहीवाल्याच्या हाकेची चाल आमच्या पोरांनी स्वतः लावलीय, तीही रेकॉर्ड करून धाडते. आतोबा तेवढा बदलू नकोस.